सोन्याच्या चिपवर डीएनए प्रोब बसतोय पण टार्गेट ओळखत नाहीये, सरफेस केमिस्ट्रीत काय बदलू?

घणसोली_लॅबवाली

नमस्कार मंडळी. मी घणसोलीला राहते, नवी मुंबईतल्याच एका कॉलेजात बायोटेक एमएस्सीचं शेवटचं वर्ष चालू आहे. प्रोजेक्ट आहे लेप्टोचा डीएनए ओळखणारी चिप, आणि तीही लेबल-फ्री, म्हणजे टार्गेटला (शोधायच्या डीएनएला) फ्लुरोसंट डाय, एन्झाइम असलं काहीच चिकटवायचं नाही, तो प्रोबला (चिपवर बसवलेल्या, त्याच्याशी जुळणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला) येऊन बसला की चिपनेच कळवायचं. विषय मीच मागून घेतला कारण दर पावसाळ्यात पाणी तुंबलं की आपल्याकडे लेप्टोची भीती सुरू होते, आणि पहिल्या आठवड्यात अँटिबॉडी टेस्ट बरेचदा निगेटिव्हच येते कारण अँटिबॉडी तयार व्हायलाच तेवढे दिवस लागतात, त्या दिवसांत रक्तात जंतूचा डीएनए मात्र असतो. प्रोब लिपएल३२ जीनमधला आहे, २० बेसचा, हा जीन फक्त रोग करणाऱ्या लेप्टोस्पायरातच सापडतो म्हणून.

आता सेटअप. काचेवर क्रोमियमचा पातळ थर आणि त्यावर स्पटर केलेलं सोनं. प्रोबच्या एका टोकाला सहा कार्बनची साखळी आणि थायोल (सोन्याला धरणारा गंधकाचा गट). १ मायक्रोमोलर प्रोब १ मोलर फॉस्फेट बफरमध्ये रात्रभर, मग मर्कॅप्टोहेक्झॅनॉल (पुढे एमसीएच लिहिते) १ मिलिमोलर, एक तास. नंतर ५ मिलिमोलर फेरी-फेरोसायनाइडमध्ये इम्पिडन्स (चिपचा विजेला होणारा अडथळा) घेते.

प्रोब बसल्यावर ग्राफमधलं सेमिसर्कल मस्त मोठं होतं, म्हणजे आरसीटी (सोन्यापर्यंत चार्ज पोचायला होणारा अडथळा) वाढतो, तिथपर्यंत सगळं पुस्तकातल्यासारखं. पण टार्गेट घातलं की बदल अगदी थोडा, आणि वाईट म्हणजे भलत्याच सीक्वेन्सचा डीएनए घातला तरी जवळजवळ तेवढाच बदल! काही चिप तर काहीच न घालता नुसत्या द्रावणात ठेवल्या तरी आरसीटी सरकत राहतो. गाइड सर म्हणाले प्रोब वाढव, म्हणून ५ मायक्रोमोलर केलं तर सिग्नल आणखी कमी झाला, हे मला अजिबात समजत नाहीये. दुसऱ्या मॅडमचं म्हणणं सोनं सोड आणि सिलिकॉन ऑक्साइडवर एपीटीईएस (अमाइन असलेलं सिलेन) आणि ग्लुटराल्डिहाइडने प्रोब लाव, तेही करून बघितलं तर चिपवर पांढुरकं धुकं धरल्यासारखा थर आला. जुलै चालू आहे, बाहेर नुसता पाऊस. बजेट फार नाही. सोन्यावरच राहू का ऑक्साइडवर जाऊ, आणि सुरुवात कुठून करू?

---

ठाणे_इलेक्ट्रोकेम

सोन्यावरच राहा. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या लक्षणांपैकी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रोब वाढवल्यावर सिग्नल कमी झाला, त्यातच अर्धं उत्तर आहे. तुमच्या चिपवर प्रोब कमी नाहीये, जास्त झालाय.

हा हिशोब एकदा कागदावर करून बघा. दर चौरस सेंटिमीटरला २ लाख कोटी प्रोब असतील तर एका प्रोबच्या वाट्याला ५० चौरस नॅनोमीटर जागा येते, म्हणजे दोन प्रोबमध्ये साधारण ७ नॅनोमीटर अंतर. आणि १२ लाख कोटी बसवले की हेच अंतर ३ नॅनोमीटरच्याही आत येतं. दुहेरी डीएनएची जाडीच २ नॅनोमीटर असते! मग टार्गेट आत शिरणार कुठून, त्यात दोघंही निगेटिव्ह चार्जचे, एकमेकांना ढकलणारे. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये ठाण्याला चढायचा प्रयत्न करण्यासारखं आहे हे, दार उघडं असतं पण आत पाय ठेवायला जागा नसते. बोस्टन युनिव्हर्सिटीच्या जॉर्जियाडिस यांच्या गटाने २००१ मध्ये सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स (सोन्यावर काय बसलं ते प्रकाशाने मोजायची पद्धत) वापरून हेच मोजून दाखवलं होतं, विरळ थरावर जवळजवळ प्रत्येक प्रोबला टार्गेट मिळतं आणि दाट थरावर जेमतेम दहातल्या एकाला, शिवाय वेळही कितीतरी जास्त लागतो.

आता तुमच्या चिपवर दाटी झाली कशामुळे? १ मोलर मीठ आणि रात्रभर, या दोन्हींमुळे. जास्त मिठात डीएनएचा चार्ज झाकला जातो, प्रोब एकमेकांना ढकलत नाहीत आणि दाटीवाटीने बसतात. तुम्ही घेतलेली ती १ मोलर फॉस्फेटची रेसिपी १९९७ च्या हर्न आणि टार्लोव यांच्या पेपरपासून चालत आलेली आहे, ती चुकीची नाही पण तुमच्या कामाला ती जशीच्या तशी लागू पडत नाही. प्रोब बसवताना मीठ कमी करा, १० मिलिमोलर ट्रिस आणि ५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड पुरे, प्रोब ०.१ ते ०.२ मायक्रोमोलर, आणि वेळ अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेगवेगळी ठेवून एक मालिका करा. टार्गेट घालताना मात्र मीठ भरपूर पाहिजे, १ मोलर सोडियम क्लोराइड चालेल. हे दोन मिठांचं गणित बरेच लोक एकत्र करून टाकतात, तसं करू नका.

इम्पिडन्समध्ये आणखी एक गोष्ट होते. फेरीसायनाइड पण निगेटिव्ह. दाट थर आधीच इतका निगेटिव्ह असतो की फेरीसायनाइडला सोन्यापर्यंत पोचायला आधीच अवघड गेलेलं असतं, म्हणूनच तुमचं ते मोठं सुंदर सेमिसर्कल. त्यावर थोडंसं टार्गेट बसलं तर फरक दिसणार किती? सुरुवातीचा आरसीटी लहान असलेली चिप बघून वाईट वाटून घेऊ नका, मला तर तशीच चिप आवडते.

आणि एमसीएचला नुसतं मोकळ्या जागा भरणारा समजू नका. डीएनएच्या बेसमधले नायट्रोजन सोन्याला चिकटतात, त्यामुळे प्रोब आडवा पडून राहतो. एमसीएच ते चिकटलेले बेस सोडवतो आणि प्रोब फक्त थायोलच्या टोकावर उभा राहतो, अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संशोधन संस्थेत न्यूट्रॉन रिफ्लेक्टिव्हिटीने (पातळ थरावरून न्यूट्रॉन परावर्तित करून) हे १९९८ मध्ये दाखवलंय. पण जास्त वेळ ठेवला तर तो प्रोबलाच उपटून काढायला लागतो. एक तास ठीक आहे, मात्र एमसीएच ताजा हवा, जुन्या बाटलीतलं थायोल ऑक्सिडाइज होऊन डायसल्फाइड झालेलं असतं. फ्यूम हूडमध्येच उघडा, वास भयंकर.

एक प्रश्न: प्रोबच्या थायोलला आधी रिड्यूस करता का, म्हणजे डायसल्फाइड तोडून मोकळं? आणि कशाने?

---

रबाळे_नाका

वरच्या उत्तराशी सहमत पण त्यांनी ड्रिफ्टबद्दल लिहिलं नाही आणि माझ्या मते आधी तेच सोडवलं पाहिजे, कारण जी चिप स्वतःच सरकतेय तिच्यावर घनता बदलून काय फायदा, फरक घनतेमुळे आला का चिप सरकल्यामुळे ते कळणारच नाही.

फेरी-फेरोसायनाइडचं द्रावण वाटतं तितकं निरुपद्रवी नाही. त्यातून थोडा थोडा मोकळा सायनाइड सुटतो, उजेडात जास्त, आणि सायनाइड सोनं खातो हे तर खाणीतून सोनं काढणाऱ्यांना शंभर वर्षांपूर्वीपासून माहीत आहे. आपल्या पातळ थरावर तो थायोलच्या भोकांमधून शिरून खालून कुरतडतो. म्हणून द्रावण रोज ताजं करायचं, बाटली अंबर रंगाची किंवा फॉइल गुंडाळून, मोजमाप अंधारात, आणि चिप त्यात ठेवून जेवायला जायचं नाही. मोजून झालं की लगेच बाहेर, धुवून बफरमध्ये. टार्गेट घालून तासभर ठेवायचं ते पण साध्या बफरमध्ये, फेरीसायनाइडमध्ये नाही.

कंट्रोल कुठले घेता ते लिहिलं नाहीये. माझ्या हिशोबाने निदान हे तरी पाहिजेत: नुसता एमसीएच असलेली चिप आणि तिच्यावर टार्गेट, प्रोब असलेली चिप आणि तिच्यावर नुसता बफर तेवढाच वेळ तेवढंच धुणं, आणि मग तुमचा तो भलता सीक्वेन्स. बफरवाली चिप जर भलत्या सीक्वेन्सइतकीच बदलली तर समजायचं की भलता डीएनए चिकटतच नाहीये, तुम्ही ड्रिफ्टलाच सिग्नल म्हणताय. आणि एमसीएचवाल्या चिपवर टार्गेट चिकटलं तर थराला भोकं आहेत. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत म्हणून हे आधी.

सोनं साफ कसं करता? काही जण पिरान्हा सांगतील, तीन भाग सल्फ्युरिक आणि एक भाग हायड्रोजन पेरॉक्साइड. कॉलेजच्या लॅबमध्ये कृपा करून नको, ॲसिटोनचा थेंब जरी राहिला तरी भडका उडू शकतो. यूव्ही-ओझोन असेल तर तो आणि नंतर इथेनॉल, कारण ओझोनने सोन्यावर ऑक्साइड बनतो आणि इथेनॉल तो घालवतो. नाहीतर ०.५ मोलर सल्फ्युरिक ॲसिडमध्ये व्होल्टामोग्राम (व्होल्टेज-करंटचे ग्राफ) एकावर एक बसेपर्यंत सायकल करा. याचा दुसरा फायदा असा की परत येताना सोन्याच्या ऑक्साइडचं जे रिडक्शन पीक दिसतं त्याचा चार्ज मोजून खरं क्षेत्रफळ काढता येतं, साधारण ३९० मायक्रोकुलोम दर चौरस सेंटिमीटर धरतात. स्पटर केलेलं सोनं खडबडीत असतं, दोन चिपमधला फरक कधी कधी नुसता क्षेत्रफळाचाच असतो, केमिस्ट्रीचा नसतोच. आणि खाली क्रोमियम आहे म्हणून चिप तापवू नका, क्रोमियम सोन्यातून वर येतो आणि मग पृष्ठभाग सोन्याचा राहत नाही.

---

वागळेचा_जुना_केमिस्ट

मुली, तू म्हटलं तर चालेल ना, मी आता रिटायर्ड आहे, डीएनएमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण नोकरीची बरीच वर्षं वागळे इस्टेटला कोटिंग आणि रेझिनमध्ये सिलेन वापरण्यात गेली म्हणून तुझ्या त्या पांढऱ्या थराबद्दल लिहितो.

ते धुकं म्हणजे एपीटीईएस पृष्ठभागाला जोडलंच गेलं नाही, हवेतल्या आणि सॉल्व्हंटमधल्या पाण्याने ते आपापसातच जोडलं जाऊन गोळे झाले आणि खाली बसले. एपीटीईएसला तीन इथॉक्सी असतात, पाणी मिळालं की तिन्ही सुटतात आणि मग ते शेजाऱ्याला, खालच्याला, वरच्याला कुणालाही धरतं. त्यात त्याचं अमाइन हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेऊन मीठ बनवतं, तेही पांढरंच दिसतं. आपल्याकडे जुलैत हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांना टेकलेली असते, परदेशातल्या कोरड्या लॅबमध्ये लिहिलेली रेसिपी इथे वाशीत किंवा ठाण्यात पावसाळ्यात तशीच चालेल ही अपेक्षाच करू नकोस. आम्ही कंपनीत सिलेनचा बॅच घ्यायच्या आधी हवेतली आर्द्रता लिहून ठेवायचो, तू पण टेबलावर एक साधा आर्द्रतेचा मीटर ठेव आणि प्रत्येक चिपसमोर आकडा लिहीत जा. हे फार स्वस्तातलं आहे आणि यातून फार शिकायला मिळतं.

तरी करायचंच असेल तर बाटली रबरी बुचाची घे, सिरिंजने काढ, उघडी ठेवू नकोस. टोल्युइन कोरडं पाहिजे, मॉलिक्युलर सीव्हवर ठेवलेलं. त्याहून सोपं म्हणजे वाफेने कर, व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये चिप आणि एका छोट्या वाटीत थोडंसं सिलेन, वाफच पोचते, गोळे पोचत नाहीत. नंतर नुसत्या टोल्युइनने चांगलं धू आणि ११० अंशाला भाजून घे, ही ऑक्साइडची चिप, सोन्याची नव्हे, सोन्याबद्दल वर सांगितलंच आहे. एकेरी थर झाला तर जाडी ०.७ नॅनोमीटरच्या आसपास यायला पाहिजे, ५-१० आली तर समजायचं ढीग झालाय.

आणि एक गोष्ट जी पेपरात कुणी ठळक लिहीत नाही. एपीटीईएसचा थर पाण्यात हळूहळू सुटतो. त्याचं स्वतःचं अमाइनच वाकून सिलिकॉन-ऑक्सिजनच्या बंधापाशी येतं आणि पाण्याला तो तोडायला मदत करतं. म्हणजे चिप बफरमध्ये ठेवलीस की तुझा प्रोब सिलेनसकट निघून जाणार, आणि लेबल-फ्री पद्धतीत काय बसलं आणि काय निघालं यात फरक कळत नाही, दोन्हीने सिग्नल हलतो. अमाइन जवळ पोचू शकणार नाही असे लांब साखळीचे किंवा दुसऱ्या जातीचे अमिनोसिलेन मिळतात ते जास्त टिकतात. किंवा एपॉक्सी असलेलं सिलेन घे, ते अमाइन असलेल्या प्रोबला सरळ जोडलं जातं, ग्लुटराल्डिहाइडची भानगडच नको. ग्लुटराल्डिहाइडने बनलेला बंध परत सुटू शकतो, रिड्यूस केल्याशिवाय पक्का होत नाही.

---

घणसोली_लॅबवाली

बाप रे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. आणि काका, तू म्हटलं तर नक्की चालेल.

@ठाणे_इलेक्ट्रोकेम, थायोल रिड्यूस करते डीटीटीने, एक तास, आणि मग तेच द्रावण पातळ करून चिपवर टाकते. सप्लायरकडून प्रोब डायसल्फाइड स्वरूपातच येतो.

@रबाळे_नाका, नुसत्या बफरची चिप आज लावली. ती पण सरकतेय, भलत्या सीक्वेन्सच्या जवळपास तेवढीच. म्हणजे तुम्ही म्हणता तसं ड्रिफ्टच. उद्या ताजं द्रावण आणि अंधारात.

अजून एक विचारायचं होतं, प्रोब किती बसलाय हे मोजायचं कसं? आमच्याकडे पोटेन्शिओस्टॅट (व्होल्टेज देऊन करंट मोजणारं यंत्र) आहे, बाकी मोठं मशीन काही नाही.

---

ठाणे_इलेक्ट्रोकेम

डीटीटी काढून न टाकता टाकताय हे मोठं कारण आहे! डीटीटीच्या रेणूला स्वतःचेच दोन थायोल असतात, आणि तो प्रोबच्या मानाने कित्येक पटीने जास्त असतो, म्हणजे सोन्यावर आधी तोच जाऊन बसणार आणि तुमच्या प्रोबला मिळेल तिथे जागा. डीटीटी वापरायचं तर डीसॉल्टिंग कॉलममधून काढूनच. नाहीतर टीसेप हे दुसरं रिड्यूस करणारं रसायन वापरा, त्याला थायोल नाही, थोडंफार राहिलं तरी चालतं. टीसेप ताजं करा, फॉस्फेट बफरमध्ये न्यूट्रल पीएचला ते फार टिकत नाही.

मोजण्यासाठी पोटेन्शिओस्टॅट पुरेसा आहे. स्टील, हर्न आणि टार्लोव यांची १९९८ ची पद्धत आहे, क्रोनोकुलोमेट्री, म्हणजे वेळेनुसार चार्ज मोजणं. रुथेनियम हेक्झामाइन हा तीन पॉझिटिव्ह चार्जचा आयन कमी मिठाच्या ट्रिस बफरमध्ये डीएनएच्या फॉस्फेटला येऊन चिकटतो, चार्ज बॅलन्स होईपर्यंत. मग पोटेन्शियलची पायरी दिली की चिकटलेला सगळा रुथेनियम एकदम रिड्यूस होतो. चार्ज आणि वेळेच्या वर्गमुळाचा ग्राफ काढा, सरळ रेषा शून्यावर जिथे भेटते तो आकडा घ्या, रुथेनियम नसतानाचा तसाच आकडा वजा करा, राहिलं ते पृष्ठभागावरच्या रुथेनियमचं. एका रुथेनियमला तीन फॉस्फेट, २० बेसच्या प्रोबला साधारण १९-२० फॉस्फेट, त्यावरून प्रोबची संख्या निघते. आधी नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढायला विसरू नका, नाहीतर ऑक्सिजनचंच रिडक्शन मोजत बसाल. तुमची ती रात्रभरवाली चिप आणि नवीन विरळ चिप दोन्ही मोजा आणि शेजारी शेजारी ठेवा, गाइड सरांना दाखवायला याच्याइतकं चांगलं काही नाही.

---

खारघर_पीएचडी

थोडा वेगळा मुद्दा. प्रोबमध्येच बदल करून बघणार का? पीएनए (पेप्टाइड न्यूक्लिक ॲसिड) घ्या. कोपनहेगनच्या नील्सन वगैरे मंडळींनी १९९१ मध्ये काढलं, यात डीएनएचा साखर-फॉस्फेटचा कणा नसतो, पेप्टाइडसारखा कणा असतो, त्यावर चार्जच नाही. त्यामुळे टार्गेटला ढकलणारं कुणी नाही आणि कमी मिठातसुद्धा जोडी जमते. लेबल-फ्रीला याचा थेट फायदा आहे, कारण मिठात चार्ज किती लांबवर जाणवतो त्याला मर्यादा असते, शरीरातल्या रक्ताइतक्या मिठात फक्त ०.८ नॅनोमीटर, १० मिलिमोलरला ३ नॅनोमीटर, १ मिलिमोलरला १० च्या जवळपास. २० बेसची दुहेरी साखळी जवळजवळ ७ नॅनोमीटर लांब, म्हणजे जास्त मिठात तिचा बराचसा भाग ट्रान्झिस्टरसारख्या सेन्सरला दिसतच नाही. पीएनएमुळे मोजमाप कमी मिठात करता येतं आणि सगळा नवीन चार्ज टार्गेटचाच असतो.

प्रोब परत मागवणार असाल तर थायोल आणि सीक्वेन्सच्या मध्ये पाच-दहा टी टाका, ए नाही. चार बेसमध्ये ॲडेनिन सोन्याला सगळ्यात घट्ट चिकटतो आणि थायमिन सगळ्यात कमी, ए घातले तर प्रोब पुन्हा झोपणार.

---

ठाणे_इलेक्ट्रोकेम

पीएनए उत्तम आहे पण आत्ता नको असं माझं स्पष्ट मत. महाग, पाण्यात नीट विरघळत नाही, जी (ग्वानिन) बेस जास्त असतील तर गोळा होतं. आणि मुख्य म्हणजे पृष्ठभागच ठीक नसेल तर पीएनए पण तिथेच आडवं पडणार. आधी साध्या डीएनएने जोडी आणि भलती यांत फरक दिसू दे. टी चा मुद्दा मात्र शंभर टक्के पटला.

---

खारघर_पीएचडी

ठीक, क्रम तोच असू दे, बजेटचा विचार मी केला नव्हता. पण मग पुढची पायरी आत्ताच लक्षात ठेवा: सिंथेटिक २० बेसच्या टार्गेटवर जमलं म्हणून पीसीआरच्या (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीच्या) प्रॉडक्टवर जमेलच असं नाही. पीसीआरचा डीएनए दुहेरी असतो, ९५ अंशाला उकलून पटकन बर्फात टाकला तरी त्याची स्वतःची जोडीदार साखळी तुमच्या प्रोबच्या आधी त्याला गाठते. असिमेट्रिक पीसीआरने एकच साखळी जास्त बनवा, नाहीतर लॅम्डा एक्झोन्यूक्लिएज या एन्झाइमने एक खाऊन टाका. आणि लांब साखळी असेल तर तिचा लोंबणारा भाग सोन्याच्या बाजूला न येता द्रावणाच्या बाजूला येईल असं प्रोबचं टोक निवडा, नाहीतर तो खाली अडकतो.

रक्त, लघवी वगैरेत जायची वेळ आली की नुसता एमसीएच पुरत नाही, तिथे प्रथिनं चिकटतात. सॅन दिएगोच्या जोसेफ वांग यांच्या गटाने एमसीएचबरोबर हेक्झेनडायथायोल घालून तीन घटकांचा थर केला होता, त्याची दोन्ही टोकं सोन्याला धरतात आणि भोकं झाकली जातात. ते वाचून ठेवा.

---

घणसोली_लॅबवाली

अपडेट द्यायला आले. टीसेप, ०.२ मायक्रोमोलर प्रोब, कमी मीठ, एक तास, ताजं फेरीसायनाइड आणि पेटीत अंधार. सेमिसर्कल लहान आलं, पण नुसत्या बफरची चिप आता जवळजवळ जागची हलत नाही. आणि टार्गेटवर बदल स्पष्ट दिसतोय, भलत्या सीक्वेन्सवर त्यापेक्षा कितीतरी कमी! एका चिपवर विश्वास नाही म्हणून वेगवेगळ्या काचांवरच्या चिप घेऊन करतेय, तसंच येतंय. रुथेनियम अजून मागवायचंय. सरांना ग्राफ दाखवला तर ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले एक बेस चुकीचा असलेला सीक्वेन्स पण करून बघ. मला इतका आनंद झालाय की काय सांगू.

आता शेवटचा प्रश्न. चिप कमी आहेत, बसलेलं टार्गेट काढून तीच चिप परत वापरता येईल का? मैत्रीण म्हणते ९० अंशाच्या पाण्यात बुडव.

---

रबाळे_नाका

वा, अभिनंदन! ९० अंशाचं पाणी मात्र नको. डीएनए सुटेल, पण सोन्यावरचे थायोलही सुटायला लागतात, प्रोबच निघून गेला तर पुढच्या वेळी सिग्नल कमी आला की टार्गेट कमी होतं का प्रोब, कळणार नाही. १० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडने मिनिटभर धुवा किंवा जास्त तीव्रतेचा युरिया वापरा, खोलीच्या तापमानाला, मग बफरने दोन-तीनदा. परत वापरायच्या आधी आरसीटी घ्या, तो टार्गेट घालायच्या आधीच्या जागेवर आला तरच ती चिप पुढे वापरा, नाहीतर बाजूला ठेवा. एक बेस चुकीचा असलेला सीक्वेन्स करताना चूक मध्यभागी ठेवा, टोकाला ठेवली तर जोडी तशीही जमते. आणि धुताना मीठ कमी किंवा तापमान थोडंसं वर, ४०-४५ अंश, चुकीची जोडी आधी सुटते.

---

वागळेचा_जुना_केमिस्ट

हायड्रॉक्साइड फक्त सोन्यावर हं, सिलेनवाल्या चिपला दाखवू नकोस, काचेवरचा सिलेनचा बंध अल्कलीत तुटतो. ऑक्साइडचं काम करायचं असलं तर ऑक्टोबर गेल्यावर हवा कोरडी झाली की कर, तोपर्यंत सोन्यावर चालू दे. आणि पृष्ठभाग तपासायचा असेल तर पवईला आयआयटीत बाहेरच्या विद्यार्थ्यांना नॅनो लॅबमध्ये काम करू देणारा आयएनयूपी नावाचा कार्यक्रम आहे, तुझ्या कॉलेजकडून अर्ज कर. तिथे एक्सपीएस (एक्स-रेने पृष्ठभागावरची मूलद्रव्यं तपासणं) करून मिळालं तर गंधकाचं पीक बघ, १६२ इलेक्ट्रॉनव्होल्टला असलं तर थायोल सोन्याला धरून आहे, १६८ च्या आसपास दिसलं तर ऑक्सिडाइज झालंय.

---

घणसोली_लॅबवाली

काका, अर्जाचं सरांशी आजच बोलते. युरियाने धुतलेली पहिली चिप आता बफरमध्ये आहे, आरसीटी जागेवर आला का ते इथेच लिहीन.